हमीदभाईंनी पाहिलेली नाणी

फोन हमीदभाईंच्या मुलीचा, नसरीनचा होता; मला ती खाला, म्हणजे मावशी म्हणते. शुक्रवारची सकाळ, साडेनऊ वाजले असतील. मी लातूरच्या घरात कोथिंबीर निवडत बसले होते. "खाला, अब्बा गेले..." एवढंच ती आधी म्हणाली. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, हे तिनं नंतर सांगितलं. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोहोचले तेव्हा जुम्म्याची नमाज होऊन दफनही झालं होतं. घरात बायकांच्या खोलीत मला जागा करून दिली. शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "आम्ही दोघं मिळून नाणी बघायचो." त्यांनी मान डोलावली. कदाचित त्यांना ते पुरेसं वाटलं असावं. मला स्वतःला मात्र ते फार थोडं वाटलं, आणि आज चाळीस दिवस उलटून गेल्यावरही तसंच वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

हमीदभाई नांदेडच्या इतवाऱ्यातले घड्याळजी. वडिलांपासूनचं लहानसं दुकान, एका वेळी दोनच माणसं उभी राहतील एवढं. घड्याळं ही त्यांची रोजी होती, पण जीव होता तो जुन्या नाण्यांत, त्यातही निजामाच्या हाली रुपयांत. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात शोधलं तर हा चारमिनार कोरलेला चांदीचा रुपया एखादा तरी निघतोच. आमच्याही घरात निघाला. आमचं गाव किल्लारीजवळचं. भूकंपात घर पडलं, तेव्हा ढिगाऱ्यातून एक चेपलेला पितळी डबा निघाला होता, त्यात हे रुपये होते. वडिलांनी तो डबा तसाच ठेवला, कधी उघडला नाही. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. काळवंडलेली चांदी पाहून मला राहवलं नाही. प्रयोगशाळेतल्या द्रावणात एकेक रुपया बुडवला, वरून खाण्याच्या सोड्यानं घासला आणि आरशासारखी लखलखीत झालेली ती नाणी रुमालात बांधून, कुणीतरी सांगितलं म्हणून, हमीदभाईंच्या दुकानात घेऊन गेले. शाबासकी मिळेल अशीच माझी समजूत होती.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं न बघताच खाली ठेवलं. "ताई, ह्यांना आंघोळ घालायला कुणी सांगितलं व्हतं?"

मी म्हटलं, "वडिलांनी ठेवलेली आहेत. काळी पडली होती."

"काळी न्हाई, वयात आली व्हती." मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "चांदी खरी हाय, छाप खरा हाय. पण वरची साय गेली बघा. आता ही जुनी बी न्हाईत आन नवी बी न्हाईत. विकू नका. वडिलांची म्हणून ठिवा."

दुसऱ्या कुणी मला असं ऐकवलं असतं तर मी उठून गेले असते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, स्वतःजवळचं एक न घासलेलं नाणं आणि माझं एक अशी दोन शेजारी-शेजारी ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. न घासलेल्या नाण्यावर उजेड पडला की तो चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, घासलेल्या नाण्यावर तो एकाच जागी गोठून बसतो, छापाभोवतीच्या मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक रेघा दिसतात... हे मी त्या दुपारी शिकले. घरी परतताना बसमध्ये मला माझ्याच हातांचा राग येत होता. पण पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

नांदेडात महिन्यातल्या एका रविवारी नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरायची, एका शाळेच्या वर्गात. मुदखेडहून बालाजी कदम रेल्वेनं यायचे. घरची शेती, गडी मोठा उमदा, बोलणं मोकळं. नाण्यांचं वेड त्यांना लागलं तेच हमीदभाईंमुळे. बैठकीत एखादं नाणं खरं की खोटं, धुतलेलं की जसंच्या तसं, यावर वाद झाला की ते नाणं शेवटी हमीदभाईंकडे जायचं. ते बघायचे, एक-दोन शब्द बोलायचे आणि वाद मिटायचा.

हळूहळू काळ बदलला. मोठ्या शहरातल्या कंपन्या नाणं तपासून, त्याला सत्तरपैकी गुण देऊन, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून पाठवू लागल्या. हमीदभाईंना सुरुवातीला ते आवडलं नाही, मग त्यांनी ते मान्य केलं. नकली नाणी एवढी वाढली होती की पेटीचा आधार लागतच होता. पण पुढे आणखी एक टूम निघाली. पेटीतल्या नाण्याची पुन्हा एकदा तपासणी करणारी दुसरीच एक कंपनी आली. पेटी न उघडता तिथली माणसं नाणं बघायची आणि पहिल्या कंपनीनं दिलेले गुण पटले तर पेटीवर टिकलीएवढा हिरवा ठिपका चिकटवायची. ठिपकेवाल्या नाण्याला भाव जास्त. बैठकीत यावर कितीतरी रविवार गेले असतील. मी ठिपक्याच्या बाजूची. मी म्हणायचे, "भाई, बोर्डाच्या उत्तरपत्रिका एकानं तपासल्या की मॉडरेटर पुन्हा बघतो. त्यात पहिल्याचा अपमान कसला?"

"मॉडरेटर पेपर वाचतो ताई," ते म्हणायचे. "हितं लोकं पेपर वाचून नाही राहिले, नुसता शेरा वाचून राहिले. एकानं बघितलं, त्याला दुसऱ्यानं बघितलं. उद्या तिसरा येईल. घेणारा कधी बघणार?"

त्यांचं म्हणणं मला अर्धं पटायचं. साध्या, सहज मिळणाऱ्या नाण्यासाठी दोनदा फी, दोनदा विम्याचं टपाल आणि महिनोन्महिने वाट बघणं, यात काही शहाणपण नव्हतं. पण एका गुणाच्या फरकानं किंमत कुठल्या कुठे जाते अशा दुर्मीळ नाण्याचं काय? यावर ते हसून म्हणायचे, "त्याला आपण हाव की."

बालाजींनी असंच एक नाणं घ्यायचं ठरवलं. चारमिनारचाच रुपया, पण क्वचित मिळणाऱ्या सालाचा, पेटीबंद आणि गुण भलतेच चांगले. विकणारा बाहेरगावचा होता. बालाजींनी पेटी हमीदभाईंच्या हातात दिली. त्यांनी भिंग लावलं, पेटी उजेडात तिरकी केली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावला आणि म्हणाले, "घ्या."

"ठिपक्याला पाठवू का भाई?"

"कशाला? मी बघितलं की."

बालाजींनी नाणं घेतलं. पुढे कधीतरी, कुणाच्या सांगण्यावरून किंवा मनात आलं म्हणून, त्यांनी ते गुपचूप दुसऱ्या तपासणीला पाठवून दिलं. दोन महिन्यांनी पेटी ठिपक्याशिवाय परत आली. सोबत चिठ्ठी होती: पृष्ठभाग पुसलेला, मोकळ्या जागेत बारीक रेघा. म्हणजे पहिल्या कंपनीची नजर चुकली होती, आणि हमीदभाईंचीही.

तो रविवार मी विसरू शकत नाही. बालाजी चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भाई, लई भरोसा ठिवला व्हता तुमच्यावर. एकदा बघा बरं."

वर्गात दहा-बारा माणसं होती. मी पुढे वाकून पाहिलं. खिडकीच्या उजेडात रेघा मला साध्या डोळ्यांनाही दिसल्या. हमीदभाईंनी भिंग लावलं. पेटी जवळ नेली, लांब नेली, मान एकीकडे कलती करून पाहिली. फार वेळ गेला. मग त्यांनी पेटी खाली ठेवली. "मला तर काही दिसत न्हाई."

कुणीतरी नाकानं आवाज केला. बालाजींनी पेटी रुमालात गुंडाळली आणि ते स्टेशनाकडे निघून गेले. हमीदभाईंसोबत मी बाहेर चहाला गेले आणि तिथे मी त्यांना नको ते बोलले. "भाई, चूक कुणाचीही होते. माझी झाली तेव्हा तुम्ही तोंडावर सांगितलं होतं. आज समोर रेघा असताना दिसत नाही म्हणता? हा कसला हेका?" ते कप बशीत फिरवत राहिले. एकदा त्यांनी माझ्या दिशेनं पाहिलं, पण माझ्या डोळ्यांत नाही, जरा बाजूला, खांद्याकडे. मला तेव्हा वाटलं, नजर चुकवतायत... मी चहा अर्धा टाकून उठले.

चार महिने मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. मागे बसस्टँडची घोषणा ऐकू येत होती. "सरोजताई, तुमच्या गावात आलोय. डोळ्याच्या दवाखान्याचा पत्ता हाय खिशात. दोन चकरा मारल्या ह्या रस्त्यानं. बोर्ड वाचता येईना."

मी रिक्षा करून गेले. स्टँडच्या बाहेर, रसवंतीच्या सावलीत ते उभे होते, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन, हातात घडी केलेला कागद. मी अगदी समोर जाऊन "भाई" म्हणेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. नांदेडात दवाखाने काही कमी नाहीत. पण तिथं कुणीतरी बघेल आणि घड्याळजीच्या डोळ्याची बातमी बाजारभर होईल, म्हणून हा माणूस घरीही न सांगता, तीन-साडेतीन तासांचा प्रवास करून एकटा लातूरला आला होता.

डॉक्टरांनी चौकटी आखलेला एक कागद त्यांच्यापुढे धरला. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. "मधला ठिपकाच न्हाई साहेब," भाई म्हणाले. "तिथं धुरळा हाय. कडेच्या रेघा दिसतात, पण नदीवानी वाकड्या." दुसऱ्या डोळ्याचंही तेच. डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजत होता. चालता-फिरता येतं, माणसाचा आकार कळतो, पण ज्याच्याकडे थेट बघावं नेमकं तेच पुसलं जातं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला बघू, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या दोन वर्षांत भाईंच्या दुकानात फक्त बॅटऱ्या आणि पट्टे बदलले जात होते. सुटं केलेलं घड्याळ त्यांच्यापुढे मी पाहिलंच नव्हतं. आता दुरुस्तीचं काम कुठे राहिलंय, असं ते म्हणायचे आणि मी मान हलवायचे. मीच बघत नव्हते.

घरी आणून मी त्यांना जेवायला वाढलं. ताटाकडे न बघता, बोटांनी चाचपत त्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं न्हाई बोललो ताई. मला खरंच दिसत नव्हतं."

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"खोटं त्याच्या आधी बोललो," ते पुढे म्हणाले. "बालाजीनं पहिल्यांदा पेटी दिली ना, तवा. नाणं दिसंना. पेटीवरचा गुणांचा नंबर मोठा असतो, तेवढा कडेकडेनं वाचता आला. नंबर वाचला... आन नाणं बघितल्यासारखं केलं. जन्मभर लोकांना सांगितलं शेरा वाचू नका, आन मीच शेरा वाचून 'घ्या' म्हणालो."

"सांगायचं होतं भाई, डोळे अधू झालेत म्हणून."

"मग माझ्याकडं राहिलं काय असतं?"

मी म्हटलं, बालाजींना मी सांगते. त्यांनी ताबडतोब हात हलवला. "न्हाई. बोलणार मी. जिथं 'दिसत न्हाई' म्हणालो तिथंच."

पुढच्या बैठकीला मी त्यांच्यासोबत गेले. बालाजी येणार नाहीत अशी भीती होती. ते आले, पण मागच्या बाकावर बसले. हमीदभाई उभे राहिले आणि जे मला सांगितलं होतं ते सगळं, एक शब्द कमी न करता, त्यांनी सांगितलं. डोळ्याचंही आणि नंबराचंही. मग खिशातून कागदात गुंडाळलेला एक रुपया काढला, त्याच सालाचा, त्यांच्या स्वतःच्या संग्रहातला, कधी पेटीत न गेलेला. "बालाजी, तुमचा मला द्या, हा तुमी घ्या. हा मी नजर चांगली असताना घेतलेला हाय. पण माझ्या शब्दावर घेऊ नका. पेटीला पाठवा, मग ठिपक्याला पाठवा. दोन्हीकडून आला की मग ठिवा."

बालाजी उठून पुढे आले. "भाई, डोळे गेले ह्याची लाज वाटली व्हय तुमाला? मला एक शब्द टाकला असता तर मी दवाखान्यात नेलं असतं की." त्यांना अदलाबदल नको होती. पण हमीदभाई खाली बसेनात, हातही मागे घेईनात. शेवटी बालाजींनी तो रुपया घेतला.

सहा-सात महिन्यांनी तो दोन्हीकडून तपासून आला. गुण बालाजींच्या आधीच्या नाण्यापेक्षा कमी मिळाले होते, पण त्या गुणांवर हिरवा ठिपका होता. मी फोनवर सांगितलं तेव्हा हमीदभाई मोठ्यानं हसले. "चांगलंय. जेवढा हाय तेवढाच सांगितला."

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या मैत्रीतली सगळ्यात जवळची. दुकान त्यांनी बंद केलं. महिन्यातून एकदा मी नांदेडला गेले की ते डबा पुढे करायचे आणि मी खिडकीशी बसून एकेक नाणं बघून मोठ्यानं सांगायचे. ते उलटतपासणी घ्यायचे. उजेड फिरतो का? मिनाराच्या टोकाला झीज आहे का? रेघा एका दिशेच्या की गोल? मला वाटायचं, ते मला शिकवतायत आणि जुन्या नाण्यांची आठवण काढतायत. ठिपक्याबद्दल मी पुन्हा एकदा विचारलं होतं. "आता काय म्हणता भाई, फायद्याचा की नाही?" ते म्हणाले, "ज्याला दिसतं त्याला त्याची गरज न्हाई. ज्याला दिसत न्हाई त्याला हाय. अडचण एवढीच, की आपण कुठल्यातले हाव ते माणूस कबूल करीत न्हाई."

चाळीसाव्याला मी पुन्हा गेले. पाहुणे गेल्यावर नसरीननं तो डबा माझ्यासमोर ठेवला. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे. नाण्यांत तिनं कधी लक्ष घातलं नव्हतं. "खाला, काही नाणी ठेवीन, काही विकावी लागतील. लोकं म्हणतात सगळी त्या दुसऱ्या तपासणीला पाठवा, मगच काढा. पाठवू का?"

डब्यात नाण्याचं एकेक पाकीट होतं आणि पाकिटाच्या मागे भाईंचं अक्षर. मी इतकी वर्षं नाणी बघितली, पाकिटांची मागची बाजू कधी पाहिली नव्हती. जुन्या पाकिटांवर लहान, नेटकं लिहिलेलं: स्वतः पाहिलं. थोड्या पाकिटांवर तेच शब्द, पण वर आडवी काट मारलेली आणि खाली मोठ्या, वाकड्या अक्षरात: फक्त नंबर पाहिला. डोळे जात असल्याचं लपवण्याच्या काळात घेतलेली, पेटीबंद नाणी होती ती. आणि उरलेल्यांवर, ओळ सोडून वर-खाली गेलेल्या अक्षरात, एकामागून एक: सरोजताईंनी पाहिलं. सरोजताईंनी पाहिलं. सरोजताईंनी पाहिलं...

मी चष्मा काढून पुसला. नसरीन पाकिटं उलटी करून मांडू लागली.

आम्ही पाकिटं वेगळी केली. एकावर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या महिन्यात आलेलं असावं. माझी फेरी त्या महिन्यात चुकली होती. मी नाणं बाहेर काढलं, पण बघितलं नाही. भिंगासकट नसरीनच्या हातात दिलं. "तू बघ. काय दिसतं ते सांग."

ती खिडकीशी गेली. फिरवून, तिरकं करून, पुन्हा फिरवून तिनं बराच वेळ पाहिलं. शेवटी माझ्याकडे वळली. चेहरा ओशाळलेला. "खाला, मला नाही कळत."

"मग तसंच लिही," मी म्हटलं.

तिनं पेन घेतलं आणि पाकिटावर लिहिलं: नसरीननं पाहिलं, कळलं नाही. ते पाकीट आणि काट मारलेली ती थोडी पाकिटं आम्ही तपासणीला पाठवायच्या ढिगात ठेवली. बाकीची परत डब्यात गेली.